सायकलची बैठक

शाळेस सायकलनें जाण्यास मुलें कुरकुरूं लागलीं, कीं त्यांस आळशी ठरविण्यांत येतें. तत्पूर्वीं पालकांनीं सायकलची बैठक तपासावी, असें आम्हांस वाटतें.

आमच्या सोनगीरचीं तांब्यापितळेचीं भांडीं प्रसिद्ध आहेत. तीं घेतांना सुज्ञ गृहिणी चकाकीस भुलत नाहीं. वजन पाहते, ठोकून पाहते. बैठक घेतांना मात्र मऊ गादी बोटानें दाबली, कीं पैसे मोजले जातात! वस्तुतः बसणाऱ्याचा भार नितंबांखालील दोन हाडांनीं पेलावयाचा असतो. अतिमऊ गादींत तीं हाडें रुततात, आणि मधल्या नाजुक भागावर दाब येतो.

पतंजलींनीं आसनाचीं स्थैर्य व सुख अशीं दोन लक्षणें मानिलीं. तीं येथेंही लागूं पडतात. म्हणून आहे तीच बैठक आधीं पान्यानें नीट बसवावी. ती समतल असावी. पुढें कललेली असल्यास भार हातांवर येतो. टांच पायडलावर ठेवली असतां खालीं गेलेला पाय सरळ व्हावा, इतकीच उंची ठेवावी. एका वेळीं एकच फेरफार करून चार दिवस पाहावें.

तरीही त्रास उरल्यास नालीदार पुठ्ठा कठीण बाकावर ठेवून त्यावर बसावें. उमटलेल्या दोन खळग्यांमधील अंतराहून बैठक थोडी रुंद हवी. ब्रुक्स यांनीं १८८२ सालीं इंग्लंडांत पेटंट घेतलेल्या धर्तीची चामडी बैठक वापरानें अंगास जुळते. पण ती महाग, शिवाय पावसापासून जपावी लागते. शाळेच्या वाटेस साधी, बेताची मऊ बैठक पुरते. बधिरपणा मात्र सोसूं नये. तो टिकल्यास डॉक्टरांस दाखवावें.