फलकावरील मराठी आणि पाटीवरील मराठी

सीमाभागातील मराठी जनतेने आपल्या भाषेसाठी जे सोसले, त्याची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार आणि हैदराबाद राज्यातील बिदर, भालकी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात घातला गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा सारा इतिहास आमच्या वाचकांस मुखोद्गत आहे. या इतिहासात मराठी माणसाने जी एक गोष्ट प्राणपणाने जपली ती म्हणजे गावातील मराठी शाळा. ती टिकावी म्हणून मोर्चे निघाले, निवेदने गेली, लाठ्याही खाल्ल्या गेल्या. परंतु शाळा टिकली म्हणजे भाषा टिकली, असे समजून स्वस्थ बसण्याची सवय आपणास जडत चालली आहे काय, हा प्रश्न आज आम्ही विचारू इच्छितो. शाळेच्या दारावरील फलक मराठी आहे, हे उत्तम. पण त्या दारातून आत जाऊन तिसऱ्या इयत्तेत बसणाऱ्या मुलास पूर्वी न पाहिलेले मराठीचे एक पान अडखळल्यावाचून वाचता येते काय? स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता येतात काय? बावन्नातून सत्तावीस वजा करून उरलेले किती, हे त्यास सांगता येते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येत नसतील, तर फलकावरील मराठीचा अभिमान पोकळ आहे, असेच आम्ही म्हणू.

या मागणीला आधार नाही असे कोणी समजू नये. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने केला पाहिजे, असे ते सांगते. त्यापूर्वी, १९५३ साली, युनेस्कोने शिक्षणाच्या माध्यमासंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यानेही हाच निर्वाळा दिला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्यतोवर मातृभाषेचाच पुरस्कार करतो आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत त्याच दिशेस बोट दाखविते. हे तत्त्व केवळ आमच्या सोयीचे म्हणून आम्ही मांडतो असेही नाही. एकोणिसाव्या शतकात धारवाडकडील कानडी मुलांस मराठी शाळांत बसावे लागत असे. तेव्हा डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कानडी शाळांसाठी जी खटपट केली ती न्याय्यच होती. त्या मुलांस त्यांची भाषा मिळावी हे जितके रास्त, तितकेच आमच्या मुलांस आमची मिळावी हेही रास्त. तत्त्व एकच आहे. नदीच्या एका तीरावर ते खरे आणि दुसऱ्या तीरावर खोटे, असे होऊ शकत नाही.

परंतु कायदा मुलास बाकावर जागा देतो, अक्षर देत नाही. ते काम वर्गातच व्हावे लागते. आणि वर्गाची स्थिती सबंध देशातच चिंताजनक आहे. ‘असर’ या नावाने जी पाहणी प्रसिद्ध होते, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.१ टक्के आणि पाचवीतील मुलांपैकी ४८.८ टक्के एवढीच होती. साधा भागाकार पाचवीतील ३०.७ टक्के मुलांस येत होता. हे आकडे कोणा एका भाषेचे वा एका राज्याचे नव्हेत. पण म्हणून आम्ही निश्चिंत राहावे असेही नाही. ज्याची भाषा राज्यकारभाराची भाषा आहे, त्याच्या मुलास शाळेत न शिकलेले अक्षर रस्त्यावरच्या पाटीवर, बसवर, कचेरीच्या भिंतीवर पुन्हा भेटते. आमच्या मुलास मराठी अक्षर शाळेत भेटले नाही, तर ते कदाचित कोठेच भेटणार नाही. देशाला जी चूक परवडते, ती आम्हांस परवडणारी नाही.

आता वाचनाचा विचार करू. वर्गात बाराखडीचा गजर होतो, धडा एका सुरात म्हटला जातो, आणि दारातून जाणाऱ्यास वाटते की मुले वाचू लागली. त्यांतील एखाद्या मुलास जवळ बोलवावे, धड्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवावे आणि ‘हा कोणता?’ असे विचारावे. पुष्कळदा ते मूल धडा आरंभापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येते. म्हणजे ते वाचत नाही, आठवते आहे. देवनागरी ही उच्चाराशी इमान राखणारी लिपी खरी, पण तिलाही खाचाखोचा आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र क आधी येतो. एकट्या ‘र’ची रूपे पाहा : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी जातो, ‘राष्ट्र’मध्ये निराळेच रूप घेतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळे. हे सारे एका दमात गिळावयास लावण्यापेक्षा, थोडी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये वाचावयास देणे ही वाट अधिक शहाणपणाची, हे महाराष्ट्रातील अनेक प्रयोगशील शिक्षकांनी करून दाखविले आहे. मुलास पहिल्याच पंधरवड्यात ‘मला वाचता आले’ असे वाटले पाहिजे. ते न वाटता संपूर्ण मूळाक्षरे संपेपर्यंत वाट पाहावयास लावली, तर त्याचे मन वर्गाबाहेर गेलेले असते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मराठीवर इतका वेळ दिला तर मुलास कानडी केव्हा येणार आणि इंग्रजी केव्हा? सीमाभागातील मूल तीन लिप्या शिकते हे खरे. कानडी त्यास यावी, उत्तम यावी, असेच आमचेही मत आहे. शेजाऱ्याची भाषा न येणे यात कसली शोभा? अण्णा आणि अक्का ही हाक येथील दोन्ही घरांत सारखीच ऐकू येते. पण कानडी लिपीची घडण पाहिली म्हणजे आक्षेपातील हवा निघून जाते. तिची वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते : क, ख, ग, घ. आपली बाराखडी तेथे ‘कागुणित’ होते. फरक आहेत ते मोजके : ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद कानडी लिपी वेगळे दाखविते, आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली लिहिते. ज्या मुलाची बाराखडी पक्की आहे आणि अक्षर व ध्वनी यांची सांगड ज्याने एकदा मनाशी घातली आहे, त्यास दुसरी लिपी म्हणजे ओळखीच्या घराचा दुसरा दरवाजा. ज्याची पहिलीच कच्ची, त्यास तीनही लिप्या अनोळखी. पाया एकाच ठिकाणी खोल खणावा लागतो. तीन ठिकाणी वीतवीत खणल्याने विहिरीस पाणी लागत नाही.

लेखनाची कथा याहून वेगळी नाही. फळ्यावरचे वहीत उतरविणे, उत्तरे पाठ करून लिहिणे, सुलेखनाच्या ओळी गिरविणे यास आपण लेखन म्हणतो. अक्षर वळणदार असावे हे खरेच. पण ज्या मुलाने काल घरी काय घडले हे दोन वाक्यांत स्वतः कधी लिहिलेच नाही, त्याने लिहावयास शिकले असे कसे म्हणावे? सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मूल घरून जी बोली घेऊन येते, ती पुस्तकातील मराठी नसते. बेळगावची बोली, खानापूर-चंदगडकडची बोली, कारवारकडील कोंकणी यांचे वळण निराळे. ते मूल आपल्या बोलीत बोलले की वर्ग हसतो, आणि प्रसंगी गुरुजीही हसतात. त्या एका हसण्याने जे तोंड मिटते ते पुढे चार वर्षे उघडत नाही. घरची बोली ही अशुद्धता नव्हे, ती मायबोलीचा उंबरठा आहे. तो ओलांडूनच मूल प्रमाण मराठीच्या माजघरात येणार. त्याने प्रथम आपल्या शब्दांत लिहावे, शिक्षकाने ते आदराने वाचावे, आणि मग ‘पुस्तकात हे असे लिहितात’ म्हणून शेजारी लिहून दाखवावे. सुधारणा अपमानाने होत नाही.

गणितात तर भाषेचा संबंध काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मराठीतील संख्यांची नावे घ्यावीत. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी आणि तीन मागून. म्हणून पहिलीतील मूल तेवीस ऐकून ३२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तर तीसच ऐकू येतात, पण लिहावयाचे असतात दोन आणि नऊ. ‘एकोणनव्वद’पर्यंत आलेले मूल पुढे ‘एकोणशंभर’ म्हणेल तर तर्क त्याच्या बाजूस आहे, परंतु भाषा म्हणते ‘नव्व्याण्णव’. कानडीत ‘इप्पत्तमूरु’, म्हणजे सरळ वीस-तीन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत जोडीने देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! दक्षिणेतील भाषांत संख्या अशाच वाचल्या जातात, हे गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या. आमचे मत असे की तेवीस हा शब्द आपला आहे, तो राहावा. पण मुलाच्या हाती दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या देऊन, वीस आणि तीन म्हणजेच तेवीस, हे त्यास डोळ्यांनी दिसू द्यावे. यात परंपरा बुडत नाही, उलट तिचा अर्थ कळतो.

तोच प्रकार पाढ्यांचा. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुलांस तोंडपाठ असत आणि बाजारात त्यांचा उपयोग होई. पाठांतरास आम्ही तुच्छ लेखीत नाही. पण ‘सात आठे छप्पन्न’ म्हणणाऱ्या मुलास, आठ-आठ रोपांच्या सात ओळी लावल्या तर रोपे किती, असे विचारताच ते गप्प होत असेल, तर पाठांतर ओठांवरच राहिले म्हणावयाचे. याच्या उलट, आईच्या भाजीच्या टोपलीशेजारी बसणारे पोर, १२० रुपये किलोची मिरची पाव किलो दिली तर तीस रुपये घ्यावयाचे, हे क्षणात सांगते, आणि वर्गात कागदावरील भागाकारापुढे हतबल होते. या दोन गणितांमध्ये पूल बांधणे हेच शिक्षकाचे काम. तो पूल भाषेचाच असतो. ‘रमेशजवळ नऊ आंबे आहेत, ते सुरेशच्या आंब्यांपेक्षा चार जास्त आहेत, तर सुरेशजवळ किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ हा शब्द दिसताच कित्येक मुले नऊ आणि चार मिळवून तेरा लिहितात. ती बेरीज-वजाबाकीत चुकलेली नसतात, वाक्यात चुकलेली असतात. ‘पैकी’, ‘प्रत्येकी’, ‘उरले’, ‘पेक्षा’ हे शब्द ज्यास आईच्या भाषेतही नीट उमगलेले नाहीत, त्यास परक्या भाषेत ते कसे उमगणार, याचा विचार इंग्रजी शाळेच्या दाराशी रांग लावणाऱ्या पालकांनी अवश्य करावा.

त्या पालकांस दोष देऊन मोकळे होणे मात्र आम्हांस मान्य नाही. माध्यम निवडण्याचा त्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला आहे, आणि ते मुलाच्या भाकरीचा विचार करून निवड करतात. जेथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतो, तेथे भाषाप्रेमाचे व्याख्यान पालकास ऐकवून काय होणार? कर्नाटकातच हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास ‘नलि-कलि’ ही पद्धत सुरू झाली. निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसवून, कार्डे व खेळ यांच्या साहाय्याने ज्याच्या त्याच्या गतीने शिकविण्याची ती रीत आहे. ती कानडी मुलांच्या हिताची असेल, तर मराठी मुलांसही तितक्याच जोमाने, मराठी साहित्यासह मिळाली पाहिजे. सरकारने शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तीस मुलांमागे एक शिक्षक द्यावा आणि तो मराठी जाणणारा असावा. पुस्तके शाळा उघडण्याच्या दिवशी हाती पडावीत, आणि मराठी शिक्षकांचे प्रशिक्षण मराठीतून व्हावे. हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

आणि आमचे कर्तव्य? सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात आणि शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्यांनी प्रजेच्या घरात अक्षर नेले. आजच्या चळवळीने निदान गावच्या शाळेत डोकावून पाहावे. सभेस हजार माणसे जमविणाऱ्या कार्यकर्त्याने महिन्यातून एक सकाळ वर्गात बसावे. शाळा विकास व देखरेख समितीवरील पालकांनी इमारतीच्या रंगाइतकीच मुलांच्या वाचनाची चौकशी करावी. प्रत्येक गल्लीतील मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतील काही भाग काढून शाळेस शंभर गोष्टींची पुस्तके द्यावीत. घरी आईवडिलांनी रोज पंधरा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्यांस स्वतःस वाचता येत नसेल तर नुसते ऐकावे. ऐकणारे कोणी आहे, एवढ्यानेच मूल वाचू लागते. आणि जे पुढारी व्यासपीठावरून मराठी शाळेचा गजर करतात त्यांनी आपली नातवंडे कोठे शिकतात याचे उत्तर जनतेस आधी द्यावे.

सीमेचा निकाल न्यायालयात लागावयाचा तेव्हा लागेल. पण त्या दिवशी येथील मराठी भाषा जिवंत असली पाहिजे, आणि ती नकाशावर नव्हे, माणसांच्या जिभेवर व लेखणीत जिवंत राहते. आज पहिलीत बसलेल्या मुलास तिसरी संपण्याआधी मराठी वाचता, लिहिता व हिशेब करता आला पाहिजे, असा निर्धार प्रत्येक गावाने याच वर्षी करावा. या लढ्यास परवानगी लागत नाही, जमावबंदी त्यास अडवीत नाही. त्यास लागते ती एक पाटी, एक पेन्सिल आणि मुलाशेजारी बसणारे एक माणूस. इतकेही आपल्याकडून होणार नसेल, तर मराठीच्या नावाने घोषणा देण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार?