शेतकऱ्यांचा बाजार, पण विक्रेता कोण?

भोगीच्या आधीचा आठवडी बाजार पाहण्यासारखा असतो. पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी डोळ्यांपुढे ठेवून शहरी गृहिणी पिशव्या भरते. त्या दिवशी ग्राहक हंगाम पाहून खरेदी करतो. एप्रिल उजाडला की तोच ग्राहक त्याच बाजारात ओला वाटाणा मागू लागतो. आठवडी बाजाराची खरी अडचण या मागणीत दडलेली आहे.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये मुंबईत विधान भवनाच्या आवारात संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाला. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे आणि मधली साखळी गळून पडावी, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू रास्तच होता. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधानुसार, ग्राहक मोजत असलेल्या रुपयातील टोमॅटो उत्पादकाच्या हाती सुमारे ३३, कांदा उत्पादकाच्या ३६, तर बटाटा उत्पादकाच्या हाती ३७ पैसे पडतात.

मात्र उरलेले पैसे म्हणजे निव्वळ मध्यस्थांची लूट, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रतवारी, वाहतूक, हमाली, नासाडी आणि न विकलेल्या मालाची जोखीम त्यात असते. अडत्या दूर झाला तरी ही कामे दूर होत नाहीत. ती शेतकऱ्याच्या अंगावर येतात. आदल्या संध्याकाळी तोडणी, पहाटे टेम्पो, दिवसभर तराजूमागे उभे राहणे आणि तेवढा वेळ शेतात गैरहजेरी! पालेभाजी तर दुपारनंतर माना टाकते. सायंकाळी उरलेल्या मेथीच्या जुड्या परत नेण्यापेक्षा मिळेल त्या भावाने देणे भाग पडते. शिवाय एकरभर जमिनीत एका वेळी दोन-तीनच भाज्या निघतात, आणि ग्राहकाला एकाच ठिकाणी दहा-बारा हव्या असतात. यावर गटाने माल आणणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय सोपा आहे : बाजार समितीच्या आवारातून पहाटे माल उचलायचा आणि ‘शेतकरी बाजार’ या फलकाखाली विकायचा. ज्या गाळ्यावर बारा महिने सर्व भाज्या मिळतात, तेथे हा संशय घ्यायला जागा असते. दोनच भाज्या घेऊन बसलेला खरा शेतकरी अशा गाळ्याशेजारी ओस पडतो.

दक्षिणेत हा प्रश्न आधीच ओळखला गेला. तामिळनाडूतील ‘उळवर संदै’ आणि आंध्रातील ‘रयतू बाजार’ हे दोन्ही उपक्रम १९९९ चे. तेथे कायमस्वरूपी जागा देण्यात आली आणि पडताळणी करून शेतकऱ्यांना ओळखपत्रे दिली गेली. महाराष्ट्रातील आठवडी बाजार बहुतांशी मोकळ्या मैदानांवर, परवानगीच्या भरवशावर भरतात. विक्रेत्याची पडताळणी अवघड आहे असेही नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी लागू आहे. सातबाऱ्यावर नोंदलेले पीक आणि गाळ्यावरील माल यांचा मेळ घालता येईल. अर्थात भाजीपाल्याच्या छोट्या वाफ्यांची नोंद काटेकोर व्हायला हवी. गटाने माल आणला असेल, तर गटातील सदस्यांच्या शेतात काय आहे हे गाळ्यावर लिहून ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी.

तथापि पडताळणी काटेकोर झाली, की एप्रिलमध्ये वाटाणा नसेल. गवार, भेंडी, दोडका, काकडी, कैरी असेल. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली दिसतील आणि काही आठवड्यांत दिसेनाशीही होतील. तेव्हा रिकामी पिशवी घेऊन ग्राहक शेजारच्या मॉलमध्ये जातो की करटोली कशी करायची हे विक्रेतीलाच विचारतो, यावर तिने पुढच्या आठवड्यात टेम्पोचे भाडे भरून यायचे की नाही हे ठरणार आहे.