आधी गाडीखाली जा, मग रंग निवडा

प्रीमियर पद्मिनीचं रील आलं की माझा अंगठा थांबतो, आणि दर वेळी डोकं फिरतं. अर्ध्या मिनिटात गंजकी गाडी चकाचक होते, क्रोम झळकतं, मागे जुनं हिंदी गाणं. खाली कमेंट, ‘भावा, नाद खुळा!’ पण कॅमेरा गाडीखाली एकदाही जात नाही, ब्रेकचा ड्रम एकदाही उघडत नाही. याला रिस्टोरेशन म्हणायला माझा साफ विरोध आहे. ही रंगरंगोटी झाली.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100, कुर्ल्यात बनलेली. तिला जुन्या जीपसारखी वेगळी चेसी नाही. बॉडी हीच चेसी. दाराखालचा पोकळ पत्रा, फ्लोअर, मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा, यांच्यावरच सगळा भार. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात नेमकं हेच आधी कुजतं. त्यावर लांबी भरून रंग मारला की काम ‘पूर्ण’! अशाच एका ‘पूर्ण’ गाडीच्या फ्लोअरला मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. मालक माझ्यावरच चिडले.

खरं काम कंटाळवाणं असतं. सडका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. पण त्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी बांधून घ्यायची, खालची तिरकी मापं दोन्हीकडून जुळवायची. नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. मग पाटे खोलायचे, तुटलेलं पान बदलायचं, बुश नवे घालायचे. यातलं काहीच रीलमध्ये दिसत नाही.

आणि ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांची लाइन एकच. एक होज फुटला की पेडल थेट खाली, चारही ब्रेक एकदम गेले, उरला हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी धरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत घसरते. घाट उतरताना ड्रम तापले, ऑइलची वाफ झाली, की पाय नुसती वाफ दाबत राहतो. (जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जाते.)

‘ओरिजिनल’वाल्यांची तऱ्हा वेगळीच. पुढच्या-मागच्या चाकांची लाइन वेगळी करणारा मास्टर सिलिंडर बसवला की हे नाक मुरडतात. अहो, रस्ता कुठे ओरिजिनल राहिलाय? पुढची एसयूव्ही डिस्क आणि एबीएसवर थांबते, तुम्ही ड्रमवर. डॅशबोर्ड ठेवा की जुना, कोण नको म्हणतंय?

पैसे कमी आहेत? मग वरचा रंग जुनाच राहू द्या. पण आपण उलटं करतो. रंगाला मागतील तेवढे मोजतो आणि खालच्या वेल्डिंगच्या मजुरीवर तासभर घासाघीस करतो. मग मिस्त्रीही लांबीच भरतो. त्याला दोष कुठल्या तोंडाने देणार?