चारचौघांत बोलण्याचे भय

आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एखादी मुलगी असतेच. अभ्यासात हुशार, घरात बडबडी. पण १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणासाठी नाव पुकारले की तिचे हातपाय कापू लागतात, घशाला कोरड पडते, तोंडपाठ केलेले सारे विसरते. पाहुणे आले की ती मोरीत भांडी घासत बसते. तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचे पोट दुखते. आपण म्हणतो, "लाजाळू आहे, लग्न झाल्यावर सुधारेल." शेजारी म्हणतात, "शिष्ट आहे." खरे कारण दोन्हींपेक्षा वेगळे असू शकते.

लाजाळू माणूस थोडा वेळ बुजतो आणि मग रुळतो. परंतु लोक पाहतील, हसतील, नावे ठेवतील या भीतीने एखादा माणूस शाळा, नोकरी, नातीगोती टाळू लागला आणि हे सहा महिने किंवा अधिक काळ चालले, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला सोशल अँग्झायटी, म्हणजे सामाजिक चिंता म्हणतात. बहुधा तो वयात येताना सुरू होतो. म्हणूनच आईवडिलांना ते वयाचे खूळ वाटते.

या भयाची किंमत गरिबाच्या घराला फार पडते. शिष्यवृत्तीच्या अर्जात काय चुकले, हे विचारायला मुलगा खिडकीवर जात नाही आणि शिष्यवृत्ती बुडते. मुलाखतीचे पत्र येते आणि त्याच दिवशी अंगात कणकण येते. जादा कामाचे पैसे मागायला तोंड उघडत नाही. काही तरुण धीर यावा म्हणून दोन घोट घेतात. पाचवे शील मोडते आणि भीती होती तिथेच राहते.

हे भय वाढते कसे? प्रसंग टाळला की लगेच सुटल्यासारखे वाटते. मन त्यातून धडा घेते, 'टाळले म्हणून वाचलो.' मग पुढच्या वेळी तोच प्रसंग दुप्पट मोठा दिसतो. असे करत करत माणसाचे जग घराच्या उंबरठ्यापर्यंत आक्रसते.

हा आजार कोणत्याही जातीत, कोणत्याही घरात होतो. पण आपल्या समाजाचा इतिहासही विसरता येत नाही. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांत हिणवले गेले, त्यांच्या लेकराला अनोळखी माणसापुढे आडनाव सांगताना धडधड झाली, तर त्यात त्याचा काय दोष? म्हणून "बाबासाहेबांची लेकरं आणि घाबरता?" असे म्हणून मुलांना लाजवू नका. बाबासाहेबांचे नाव धीर देण्यासाठी आहे, खाली मान घालायला लावण्यासाठी नाही.

भगवान बुद्धांनी या भयाला भ्याडपणा म्हटलेले नाही. अंगुत्तर निकायात पाच भये सांगितली आहेत. उपजीविकेचे भय, दुष्कीर्तीचे भय, मरणाचे भय, दुर्गतीचे भय. आणि त्यांच्याच ओळीत 'परिससारज्जभय', म्हणजे सभेत बुजण्याचे भय. त्यांवर मात करणारी चार बळेही तिथेच आहेत: प्रज्ञा, वीर्य, निर्दोष आचरण आणि संग्रह. संग्रहात दान, प्रिय वचन, हिताचे वर्तन आणि समानता येते. प्रिय वचन आणि समानता हे तर घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्याच हातात आहे.

करायचे काय? मुलीला एकदम व्यासपीठावर ढकलू नका. आधी दुकानात पाठवा. पैसे तिनेच द्यावेत, हिशेब तिनेच विचारावा. मग विहारात सर्वांबरोबर वंदना म्हणू द्या, पुढे एकटीने त्रिसरण, त्यानंतर चार ओळींचे भाषण. एक पायरी सोपी वाटू लागली की दुसरी घ्या. छाती धडधडली तरी थांबायचे. थांबले की ती आपोआप उतरते, हे तिला स्वतः कळू द्या. आणि ती अडखळली तर कुणीही हसू नये, एवढी शिस्त विहाराच्या कार्यकर्त्यांनी पाळावी.

एवढ्याने भागत नसेल, शिक्षण वा नोकरी सुटू लागली असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. तिथे जाणारा वेडा नसतो. बोलून, सराव करून हा आजार बरा करता येतो. गरज पडल्यास गोळ्या देतात, त्या मनाने बंद करू नयेत. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येते. समोर बसून बोलण्याची धास्ती असेल, तर सुरुवात फोनवरून करावी.

येत्या रविवारी वंदना संपल्यावर मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसा. प्रश्नांची सरबत्ती नको. नुसते "जयभीम" म्हणा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा.