आधी वाट, मग वाघ

माझ्या पणजोबांच्या बैठकीत भिंतीवर वाघाचे कातडे होते. ते त्यांनी स्वतः मिळवले की कुणा पाहुण्या साहेबाच्या हाकाईतील वाट्याचे होते, याविषयी घरात दोन मते होती. पण त्या कातड्याचा अभिमान वाटण्याबाबत दुमत नव्हते. भोसल्यांच्या अमलात वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या अनेक घराण्यांत अशी एखादी आठवण असेल. ब्रिटिश अमदानीत वाघ मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे. मालगुजाराचा शब्द गावात चाले, हाका घालायला गोंड व बैगा माणसे उभी राहत आणि फोटोत मात्र बंदूक धरलेला एकटाच दिसे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि भिंतीवरची कातडी कालांतराने उतरली. आता त्याच घराण्यांतील आम्ही वारस नाहीशा झालेल्या जनावरांना त्यांच्या जुन्या भूमीत परत आणावे, असे हिरिरीने बोलू लागलो आहोत. ही भावना मी खोटी मानत नाही. मात्र ती अर्धवट आहे, आणि अर्धवट भावनेने हाती घेतलेल्या कामाची किंमत नेहमी दुसराच कोणी चुकवतो, एवढे मला या लेखात सांगायचे आहे.

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातून नीट पाहता येतो. बैहर तहसिलीत, कान्हाच्या मुक्की भागात, घोरेला येथे वाघांसाठी कुंपण घातलेले एक मोठे आवार आहे. आई गमावलेले बछडे तेथे वाढवतात, त्यांना शिकार करू देतात आणि माणसाची सवय लागू देत नाहीत. या आवाराशी दोन कथा जोडलेल्या आहेत. प्रत्येक वाघप्रेमी माणसाने त्या दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत.

पहिली कथा यशाची आहे. २००९ च्या सुरुवातीस पन्ना व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्याच वर्षी बांधवगढ आणि कान्हा येथून वाघिणी नेण्यात आल्या आणि नंतर पेंचमधून एक नर नेला. त्यापाठोपाठ २०११ मध्ये कान्हात वाढलेल्या दोन अनाथ वाघिणी पन्नात सोडल्या गेल्या. माणसाने वाढवलेले वाघ रानात टिकणार नाहीत, अशी जाणकारांची भीती होती. या वाघिणी टिकल्या आणि पन्नात त्यांची संतती वाढली. एकेकाळी वाघशून्य झालेल्या त्या रानात आज वाघांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आहे.

दुसरी कथा २०१८ ची. देशात प्रथमच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेऊन सोडण्याचे ठरले. कान्हातून महावीर नावाचा नर आणि बांधवगढमधून सुंदरी नावाची वाघीण ओडिशातील सातकोसियाला गेली. तीन जोड्या नेण्याचा बेत होता. पहिल्या जोडीपाशीच तो थांबला. दोन माणसांच्या मृत्यूचा ठपका सुंदरीवर आला आणि गावे संतप्त झाली. नोव्हेंबरमध्ये महावीर मेलेला सापडला. त्याच्या मानेवर शिकाऱ्याच्या फासाची जखम होती. सुंदरीला पकडून पिंजऱ्यात ठेवले गेले आणि २०२१ मध्ये ती मध्य प्रदेशात परत आली. तिला ठेवले गेले ते याच घोरेलाच्या आवारात.

सुंदरी हिंस्र आणि पन्नाच्या वाघिणी शहाण्या, असे कोणी म्हणू लागला तर त्याला वाघाचे ज्ञान नाही आणि माणसाचेही नाही. दोन्हीकडचे वाघ मध्य प्रदेशातल्याच रानांतले होते. फरक होता तो पोचण्याच्या ठिकाणी. पन्नात वाघ का संपले, हे आधी मान्य केले गेले. ते शिकारीमुळे संपले, हे कबूल करून मगच पहारा बसवला गेला. प्रत्येक वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती आणि माणसे रात्रंदिवस त्याच्या मागावर होती. पेंचहून आणलेला नर पन्नातून निघून दक्षिणेच्या दिशेने शेकडो किलोमीटर चालला, तेव्हा वनखात्याची माणसे त्याच्या मागे गावागावांतून फिरली आणि त्याला परत घेऊन आली. हे गावकऱ्यांच्या साहाय्याविना झाले असते का? सातकोसियात रान होते, पण रानाला लागून असलेली गावे त्या बेताच्या बाजूने उभी नव्हती आणि तारेचे फास तसेच पडून होते. ज्या कारणाने जनावर नाहीसे झाले ते कारण जागेवर असताना तेच जनावर पुन्हा तेथे आणून सोडणे, याला पुनर्वसन हा शब्द शोभत नाही.

याहून कठोर उदाहरण कुनोचे आहे. गीरच्या सिंहांसाठी दुसरे घर म्हणून कुनो निवडले गेले आणि त्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील चोवीस गावे उठवली गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. दीड हजारांवर कुटुंबे. सिंह सहा महिन्यांत हलवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. आजवर एकही सिंह तेथे आलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मात्र आले. १९४७ मध्ये कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, त्याची ही भरपाई, असे सांगण्यात आले. त्यांतील काही मेले, काहींना पिल्ले झाली. प्रयोग फसला म्हणून आनंद मानणाऱ्यांपैकी मी नाही. तो यशस्वी व्हावा असेच मला वाटते. पण ज्यांनी सिंहासाठी घर सोडले त्या सहरियांना चित्ता आणताना पुन्हा कोणी विचारले का? त्यांनी त्याग केला तो एका जनावरासाठी आणि उत्सव झाला दुसऱ्याचा. या हिशोबाला राष्ट्रीय गौरव म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लोकांना विचारत बसलो तर एकही जनावर परत येणार नाही. कान्हातील बारशिंगे पाहा, असे म्हणतील. १९७० च्या सुमारास साठ-सत्तरच उरलेले ते बारशिंगे कुरणांतील गावे हलवली म्हणूनच वाचले. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्या बारशिंग्यांच्या वाढीत ज्या बैगा व गोंड कुटुंबांचा वाटा आहे त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? कान्हाच्या गाभ्यातून गावे उठण्याचा क्रम २०१४ पर्यंत चालला होता. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले, ते वाघाच्या विरोधात दिलेले नाही. वाघाच्या शेजारी ज्याला आयुष्य काढायचे आहे, त्याचे मत घेतल्याने वाघ बुडत नाही. पन्नाने तेच दाखवले.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. कशाला हवीत ही हिंस्र जनावरे, माणसेच पुरे आहेत, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना एवढेच विचारतो की, आपल्या धानाला पाणी देणारी वैनगंगा आणि तिच्याकडे धावणारे नाले कोणत्या रानातून येतात? वाघ ज्या रानात टिकतो ते रान राखलेले असते. त्याला हाकलून त्या रानाचे काय होते, हे सातपुड्याच्या उघड्या टेकड्यांवर जाऊन पाहावे.

आता मुद्द्याचे. आपल्या बालाघाट जिल्ह्यापुढे वाघ परत आणण्याचा प्रश्न नाही. वाघ येथेच आहे. कान्हा आणि पेंच यांच्यामधले रान बालाघाट आणि सिवनी जिल्ह्यांत पसरले आहे. वाघ त्यातून ये-जा करतात, हे जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे. दक्षिणेस गोंदियाकडे नवेगाव-नागझिरा आहे. तेथे वाघांची संख्या वाढावी म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या रानातून दोन वाघिणी वाहनातून आणून सोडाव्या लागल्या. ज्या मुलखात वाघ आपल्या पायांनी एका रानातून दुसऱ्या रानात जात होता, तेथे त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात नेण्याची पाळी आली. हे विज्ञानाचे कौतुक आहेच, पण वाट मोडल्याचीही कबुली आहे.

ही वाट मोडतो कोण? सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि काही अंशी रास्तही आहे. आपण जिला छोटी रेल म्हणत होतो तिच्या जागी रानातून ब्रॉडगेज धावते आहे. पेंचजवळच्या महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा ठेवल्या गेल्या त्यादेखील न्यायालयातील दीर्घ वादानंतरच. आज वाघ त्या वाटांनी जातात. ज्या पन्नात वाघ परत आणले, त्याच पन्नाच्या रानाचा मोठा भाग केन-बेतवा जोडप्रकल्पाच्या पाण्याखाली जाणार आहे. पण थोडे बोट आपल्याकडेही वळले पाहिजे. लालबर्रा-कटंगीच्या बाजूला, बैहरच्या वाटेवर, रानाला लागून ज्यांच्या जमिनी आहेत त्यांत आपली नावे आहेत. रानडुकरे येतात म्हणून रात्री शेताभोवती वीज सोडलेली तार बांधली जाते आणि तीत वाघही मरतो. ती तार बटाईदाराने बांधली, असे आपण सांगतो. जमीन मात्र आपली असते. मुक्कीच्या दाराशी रिसॉर्टला जमीन विकून आलेल्या पैशातून आपण वाघ पाहायला दुसऱ्या अभयारण्यात जातो.

म्हणून या पत्रिकेच्या वाचकांपुढे माझे तीन आग्रह आहेत. रानालगतच्या आपल्या कोणाच्याही शेतात विजेची तार राहणार नाही, हे आपण आपल्या घराण्यापुरते ठरवावे आणि बटाईदाराचे पीक डुकरांनी खाल्ले तर त्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज आपण लिहून द्यावा. कचेरीच्या पायऱ्या आपण त्याच्यापेक्षा सहज चढतो. वाटेत येणारी जमीन विकायची झाल्यास उंच भिंती घालणाऱ्याला विकू नये. आणि आपल्या जिल्ह्यातून वाघ दुसरीकडे पाठवण्याचा वा कोणतेही जनावर येथे आणण्याचा बेत पुढे येईल तेव्हा, त्याच्या समर्थनार्थ सही करण्याआधी, तेथल्या ग्रामसभेने काय म्हटले ते आपण विचारावे. उत्तर मिळाले नाही तर सही करू नये.

पणजोबांच्या हाक्यात ढोल वाजवत जे चालले त्यांचे नातू आज वनखात्याचे चौकीदार आहेत, पर्यटकांच्या जीपमागे धुळीत उभे आहेत किंवा कान्हाबाहेर नव्या वस्तीत आहेत. त्या दिवशी रानात कोण पुढे होते आणि फोटोत कोण होते, हे आपल्याला माहीत आहे. या वेळी तरी आधी त्यांना विचारू या.