बसण्याचा हक्क



समाजकार्याचं शिक्षण घेत असताना फीच्या पैशांसाठी एका दिवाळीत मी साड्यांच्या दुकानात काम धरलं. माझा डावा पाय जन्मापासून अधू. साड्या उलगडून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, माळ्यावरून गठ्ठे उतरवायचे. सकाळी १० ते रात्री ९. गिऱ्हाइकांना खुर्च्या, आम्हांला स्टूलही नाही. पाचव्या दिवशी घोटा सुजला. स्टूल मागितलं तर उत्तर आलं, "झेपत नसेल तर राहू दे." अकराव्या दिवशी मी काम सोडलं.

तेव्हा वाटलं, मीच कमी पडले. बाकीच्या जणींच्या पायांकडे लक्ष गेलं ते नंतर. फुगलेल्या शिरा, पाळीतही दिवसभर उभं राहणं, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणं. त्या 'धडधाकट' होत्या, एवढाच फरक. माझा पाय पाच दिवसांत बोलला, त्यांचे दहा वर्षांनी बोलणार होते.

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाना कायद्यात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. दुकानातल्या बाईला मात्र त्यासाठी लढावं लागलं. कोळिकोडच्या विजी आणि त्यांची 'पेनकूट्टू' संघटना यांनी आधी स्वच्छतागृहाची, मग बसण्याची मागणी लावून धरली. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. २०२१ मध्ये तामिळनाडूनं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, 'वाजवी सोयी'ची तरतूदही आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागा काउंटरमागच्या मुलीला उपयोगी नाहीत. तिला हवं आहे एक स्टूल. याहून वाजवी काय असतं?

आणि आपण? आपल्या किती बैठका जिने चढून जावं लागेल अशा जागी होतात? अपंग बाई आपल्या अहवालात 'लाभार्थी' असते. कामगार म्हणून, कार्यकर्ती म्हणून कधी दिसते?

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दुकानांमधल्या बायकांशी बोलावं. बसायला मिळतं का? संडास कुठे आहे? अपंग मुलगी कामाला आहे का, नसेल तर का नाही? मालकासमोर नाही, सुट्टीच्या दिवशी, तिच्या घरी बसून विचारा. आणि जे कळेल ते आम्हांला कळवा. मागणीचा मसुदा आपण त्यांच्याच शब्दांत लिहू.