पद्मिनीचे बुश आणि आपल्या पोरांचे हात

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या काही तरुण वाचकांनी आमच्याकडे तक्रार केली की, या सदरात नेहमी शिष्यवृत्ती, दाखले आणि अर्ज यांचीच माहिती येते. आमच्या धंद्याविषयी कधी काही येत नाही. तक्रार रास्त आहे. आमचे हात वहीखात्याचे, पान्याचे नव्हेत. म्हणून वस्तीतल्या जुन्या मिस्त्रींपाशी बसून जे समजून घेतले ते येथे देत आहोत. विषय घेतला आहे जुन्या प्रीमियर पद्मिनीचे सस्पेन्शनचे बुश बदलण्याचा.

पद्मिनीच का? कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने रस्त्यावर आली. काळी-पिवळी टॅक्सी होऊन तिने मुंबईतल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण गाडी गेली म्हणजे काम गेले असे झाले नाही. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. हौशी मालक आता जुन्या फियाट शोधून काढतात आणि त्या उभ्या करण्यासाठी पैसे मोजतात. तो पैसा कोणाच्या हातात पडतो, याकडे पुढे येऊ.

आधी बुश म्हणजे काय ते घरातल्या मंडळींनाही कळू द्या. पद्मिनीला पुढे आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. आर्म आणि पाटे जेथे गाडीला जोडलेले असतात तेथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबर बसवतात. एक आतली नळी, एक बाहेरची नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर, असा हा टिचभर नग. खड्ड्यातला धक्का तो पोटात घेतो आणि चाकाला आपल्या जागी धरून ठेवतो.

रबर संपले की गाडी बोलू लागते. खड्ड्यात खालून टकटक ऐकू येते, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते. टायर एका कडेने झिजतो आणि मालक टायरवाल्याला दोष देतो. येथे हिशेबाचा माणूस म्हणून आम्हाला राहवत नाही. बुशचे थोडके पैसे वाचवायचे आणि टायरची जोडी वर्षाच्या आत फेकायची, याला काटकसर म्हणत नाहीत. टॉमी घालून जोड हलवून पाहावा. रबर भेगाळलेले, बाहेर फुगून आलेले, किंवा आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसली तर बुश बदलायला झाला.

बुश अकाली जाण्याचे एक कारण आपणच करतो. गाडी धुतल्यावर खालून डिझेलचा फवारा मारण्याची पद्धत आहे. पाटे चमकतात, करकर थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पण नैसर्गिक रबराला डिझेल, रॉकेल, ऑइल, ग्रीस यांपैकी काहीही सोसत नाही. ते फुगते, मऊ पडते आणि फाटते.

आता कामाकडे. त्यातही सर्वात आधी जिवाकडे. आपली पोरे जॅकवर, फार तर दोन विटांवर गाडी उचलून खाली सरकतात. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आणि वीट वजनाखाली कधी फुटेल याचा भरवसा नाही. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, चाकांना अडण लावावी, गाडीच्या सांगाड्याखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्यावेत आणि गाडी हलवून पाहिल्याशिवाय डोके आत घालू नये. दुसरा धोका पुढच्या कॉइल स्प्रिंगचा. ती गाडीच्या वजनाखाली दाबलेली असते. तिला स्प्रिंग कॉम्प्रेसरने बांधून न घेता आर्मचे बोल्ट सोडले, तर ती गोळीसारखी सुटते. दोरीने बांधून, दोघांनी धरून काम भागते असे सांगणारे उस्ताद आहेत. त्यांचे नशीब चांगले, एवढेच त्यातून सिद्ध होते. माता-भगिनींना आमची विनंती आहे, मुलगा गॅरेजला जात असेल तर रात्री जेवताना विचारा, "बाळा, तुमच्याकडे स्टँड आहेत का रे?" नसतील तर मालकाकडे मागायला लावा.

आर्म सोडण्यापूर्वी जोडापाशी पातळ पत्र्याच्या शिम असतील तर कोणत्या जागी किती होत्या ते लिहून ठेवावे. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल टाकावे, पण राहणाऱ्या रबरावर ते जाऊ देऊ नये. जुना बुश जाळून काढण्याची एक रीत आहे. ती सोडा. त्या काळ्या धुराने छाती भरते. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि बुश आत मावेल एवढ्या पाइपचा तुकडा घेऊन नट फिरवत गेले की जुना बुश सरकत बाहेर येतो. फारच अडला तर बाहेरच्या नळीला हॅकसॉ ब्लेडने आतून चीर द्यावी, मात्र आर्मच्या भोकाला ओरखडा न जाऊ देता. नवा बुश त्याच युक्तीने, सरळ रेषेत दाबून बसवावा. ओलावा लागला तर साबणाचे पाणी पुरते. हातोडा मारून बसवलेला बुश वाकडा जातो आणि आर्मचे भोकही बिघडवतो.

यापुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. एका मिस्त्रीमामांना त्यांच्या हाताखालच्या पोराने आमच्यासमोरच विचारले, "मामा, नवाकोरा बुश दोन महिन्यांत फाटला कसा?"

मामा म्हणाले, "हवेत आवळला असशील, बाळा."

याचा अर्थ असा. ज्या बुशचे रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेले असते, त्यात आतली नळी फिरत नाही. रबरच पिळले जाते आणि परत येते. गाडी उचललेली असताना आर्म खाली लोंबतो. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराला तीच विसाव्याची जागा वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळले जाते. म्हणून बोल्ट आधी नुसता बसता करावा. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, बॉनेट दाबून दोन-चार वेळा झुलवावी, आणि मग खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन, वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळावे. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला लंगडते.

माल कुठून घ्यावा? कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने सुटे भाग मिळतात. पण जुन्या स्टॉकमधला, पाकीटबंद बुश म्हणजे नवा बुश नव्हे. रबर न वापरताही कडक होते. नखाने दाबून पाहा. दगडासारखे लागले तर ठेवून द्या. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात, पण गाडी कडक चालते आणि ते करकरतात. आमच्या मते जुन्या गाडीला रबरच शोभते.

आता त्या पैशाविषयी. हौशी मालकाचे बिल मोठे असते, पण ज्या हाताने बुश बसवला त्याची नोंद त्या गॅरेजात 'हेल्पर' म्हणून असते. तीस वर्षे पद्मिनी उघडणाऱ्याकडे कागद नाही आणि कागद असलेल्या पोराने पद्मिनी पाहिलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कारागिराच्या हातात प्रशिक्षणाचा कागद असावा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; दहावी झालेल्या पोराने तो सोडू नये. काम आधीच येणाऱ्यांसाठी, २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा भाग ठेवला गेला. अशी परीक्षा आपल्या भागात कुठे होते याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी.

तोवर आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या आवारात एखाद्या मिस्त्रीमामांना बसवावे, समोर एक जुना आर्म आणि चार बुश ठेवावेत, आणि पोरांनी ते काढून-बसवून पाहावे. एकाने वहीत लिहून घ्यावे. विहार समितीने वर्गणीतून स्टँडची एक जोडी आणि एक स्प्रिंग कॉम्प्रेसर घेतला तर ज्यांच्या गॅरेजात ते नाहीत त्यांना नेता येईल, परत आणल्याची सही घेऊन. नोंदवही ठेवण्याचे काम आम्ही करू.